झोपलेलं बाळ, गप्प केलेलं बाळ

मागच्या उन्हाळ्यात पारोळ्याकडची एक तरुण आई माझ्या दवाखान्यात आली. कडेवर साडेपाच महिन्यांचा मुलगा, मागे सासूबाई. खुर्चीवर टेकायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, हाऊ पोऱ्या आख्खी रात जपू देत नही. कायतरी औषध द्या." मी मुलाला तपासलं. वजन उत्तम, अंगावर टवटवी, माझ्या स्टेथोस्कोपची नळी दोन्ही हातांनी ओढायचा उद्योग चाललेला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आजारी कुणी दिसत असेल तर ती आई. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले, आणि मी सासूबाईंशी बोलत होते तेवढ्यात बसल्या जागी तिचा डोळा लागला.

मी धुळ्याची. शिक्षण तिथलंच, दवाखाना जळगावात. बाळाच्या झोपेचा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. शहरातून येतो, खेड्यातून येतो, नोकरी करणाऱ्या आईकडून येतो आणि कापूस वेचायला जाणाऱ्या आईकडूनही येतो. शब्द वेगळे असतात, पण शेवट बहुतेक वेळा एकच असतो : काहीतरी औषध द्या. त्या 'औषध' शब्दाची मला धास्ती वाटते. त्याला दोन कारणं आहेत. एक माझं स्वतःचं, दुसरं माझ्या आजीचं.

माझं आधी सांगते. शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि तालुक्याच्या एका गावी एका दवाखान्यात काम करत होते. पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन तिची आई आठवड्यात तिसऱ्यांदा आली. मुलीला किरकोळ सर्दी होती. सर्दीच्या एका औषधाने मुलं पेंगतात, हे मला ठाऊक होतं. आईची अवस्था बघवेना, म्हणून मी ते पातळ औषध लिहून दिलं. मनात सर्दी कमी आणि झोप जास्त होती, हे आज कबूल करते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी पुन्हा आली तेव्हा अंग लुळं, दूध ओढायचीही ताकद नाही, श्वास संथ. रात्रभर तिच्याजवळ बसून काढली. मुलगी सावरली. आईने मला दोष दिला नाही, उलट "मुलगी शांत झोपली होती" असं म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचतं.

पुढे २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रोमेथाझिन हे ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, त्याने श्वास मंदावतो, असा ठळक इशारा द्यायला लावला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या जोडऔषधावर, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणावर, 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला सांगितलं. तरीही मेडिकलच्या दुकानातून 'बाळाला झोप लागेल असं' म्हणून बाटली नेणारे लोक मला आजही भेटतात.

आता आजीचं कारण. माझी आजी धुळ्यात एका कापसाच्या जिनमध्ये कामाला जायची. भोंगा झाला की निघायचं, अंधार पडल्यावर परतायचं. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात पुन्हा कामावर. बाळ कुणाजवळ ठेवायचं, तर शेजारच्या म्हातारीजवळ. आणि बाळाने म्हातारीला त्रास देऊ नये म्हणून सकाळी त्याच्या जिभेवर तिळाएवढी अफू. तेव्हा अफूची परवान्याची दुकानं होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. आजीची पाच मुलं वाढली. सहावं, म्हणजे क्रमाने दुसरं, गेलं. मी डॉक्टर झाल्यावर एकदा भाकरी थापता थापता तिने ते सांगितलं, एवढंच, "जपना तो उठनाच नही." तो कशाने गेला, हे मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तिच्या मनात जे होतं ते तिने मला कळू दिलं.

ही एकट्या माझ्या आजीची गोष्ट नव्हे. १९२२ साली मुंबई सरकारने कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाई नेमल्या होत्या. मुंबईतल्या कामगार बायकांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. 'बाळागोळी' या लाडक्या नावाने ती विकली जाई. अफूने बाळ झोपतं म्हणजे काय होतं? भूक मरते, आतडी मंदावतात, श्वास उथळ होतो. उपाशी असलेलं बाळ रडत नाही, म्हणून त्याला पाजलं जात नाही, म्हणून ते वाळत जातं. घरच्यांना वाटतं, किती गुणी लेकरू आहे.

त्या बायकांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. बारा तास उभं राहून आलेल्या बाईला रात्री झोप हवी होती, आणि दिवसा बाळाजवळ थांबायची सोय कुणी केली नव्हती. पुढे १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. औषधापेक्षा बाळंतिणीची रजा हाच बाळाच्या झोपेवरचा जास्त खरा उपाय होता, असं माझं मत आहे. २०१७ पासून ही रजा २६ आठवड्यांची झाली खरी, पण ती पगारी नोकरीतल्या बाईला. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून कापूस वेचणारीला कोण रजा देतं? डॉक्टरीच्या सवडीने सरकारलाही दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. असो. अफूचा बिगर-औषधी वापर आपल्या देशात १९५९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. पण बाळ गप्प करायची घाई बंद झाली नाही. गुटीत जायफळाचा वेढा जरा जास्त दिला जातो. तो जास्त झाला तर बाळाला गुंगी येते. मधाचं बोट चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको, त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे सगळं करणाऱ्या आज्या मायेनेच करतात, म्हणून त्यांच्यावर डाफरून उपयोग नसतो. गुटी हवी तर सहा महिन्यांनंतर बघू, आत्ता अंगाला तेल तुम्हीच लावा, असं मी सांगते. मालिशीवर त्यांचा हात चालतोच, आणि ती खरोखर उपयोगी आहे.

तर मग बाळ रात्रभर झोपतं म्हणजे काय? इथे मोठा गैरसमज आहे. रात्रभर सलग कुणीच झोपत नाही. तुम्ही नाही, मी नाही. आपली झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपण कूस वळतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. बाळाची फेरी लहान असते, पन्नास-साठ मिनिटांची. शिवाय नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. त्या झोपेत ते हात झाडतं, तोंड वाकडं करतं, कण्हतं, हसतं, क्वचित एखादी किंकाळीही फोडतं, आणि तरी झोपलेलंच असतं. अमेरिकेतल्या थॉमस अँडर्स या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात बाळांच्या पाळण्यांवर कॅमेरे लावून रात्री चित्रित केल्या. आईबाप ज्यांना 'रात्रभर झोपणारी' म्हणत होते ती बाळंही रात्री जागी होत होती. फरक एवढाच, की ती इकडेतिकडे बघून, मूठ चोखून आपली आपण पुन्हा झोपत, आणि बाकीची हाक मारत.

म्हणजे आपल्याला बाळाला न उठणं शिकवायचं नाही. उठल्यावर पुन्हा झोपणं शिकवायचं आहे. आणि तेही वय झाल्यावर. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या शरीराला दिवस-रात्र कळतच नाही. रात्रीची सूचना देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक बाळाच्या अंगात लयीत तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीच्या आईच्या दुधातून ते थोडं मिळतं. पोट लहान असतं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. या काळात कुणी 'आमचं बाळ रात्री दहाला झोपतं ते सहाला उठतं' असं सांगितलं तर मी आधी वजनाचा काटा काढते.

लंडनमध्ये १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढ्या झोपेला 'बाळ मार्गी लागलं' असं म्हटलं होतं. बघा, फक्त पाच तास! तीन महिन्यांपर्यंत शंभरातली सत्तर बाळं तिथवर पोचली, सहा महिन्यांपर्यंत त्र्याऐंशी. कॅनडातल्या २०१८च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या शंभरातल्या अडतीस बाळांची सलग सहा तास झोपही होत नव्हती, आणि वर्षाच्या बाळांतही अठ्ठावीस तशीच होती. त्यांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही. शेजारणीचं बाळ झोपतं आणि आपलं झोपत नाही, म्हणून आपलं काही चुकलं, हे मनातून काढून टाका.

पारोळ्याच्या त्या आईला मी औषध दिलं नाही. तिच्या घरची रात्र कशी असते ते विचारलं. दोन खोल्या, माणसं सहा. जेवणं साडेनऊला, मग टीव्ही. बाळ संध्याकाळी साडेसहाला दीड तास झोपून ताजंतवानं उठलेलं. काका कामावरून आले की दहा वाजता त्याला हवेत उडवणार. साडेअकराला दिवे बंद, आणि मग आईने अंगावर पाजत पाजत झोपवायचं. रात्री दर तासाला बाळ जागं झालं की पुन्हा अंगावर. बाळाच्या हिशेबाने हे अगदी बरोबर होतं. तोंडात दूध असताना ते झोपलं, जाग आली तेव्हा दूध नव्हतं. तुम्ही पलंगावर झोपलात आणि ओट्यावर जाग आली, तर तुम्हीही आरडाओरडा कराल.

पाश्चात्त्य देशांत अशा वेळी बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून थोडा थोडा वेळ रडू देण्याची पद्धत आहे. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५च्या पुस्तकाने ती गाजली. तिने मुलांचं कायमचं नुकसान होतं असं दिसलेलं नाही. ऑस्ट्रेलियात झोपेच्या अशा सौम्य शिकवणीनंतर मुलांना पाच वर्षं तपासत राहिले, २०१२ साली निष्कर्ष आला : ना तोटा, ना लांबचा फायदा. पण आपल्याकडे वेगळी खोली कुठून आणायची? आणि बाळ दोन मिनिटं रडलं की सासूबाई, चुलतसासूबाई आणि भिंतीपलीकडच्या मावशी तिन्ही दारात हजर. आपली रीत आईजवळ झोपायची आहे आणि ती सोडायची काही गरज नाही. एका खोलीत राहूनही बाळाला झोप शिकवता येते. सावकाश येते, एवढंच.

मी सांगितलं ते असं. सकाळी उठल्यावर बाळाला ओट्यावर उजेडात आणा. दिवसा घरात आवाज, गप्पा, भांडी, सगळं चालू द्या, झोपलं असलं तरी. संध्याकाळची झोप पाचच्या आत संपवा. आठ वाजता दिवा मंद करा, टीव्ही दुसऱ्या खोलीत किंवा बंद. सासूबाईंनी तेल लावायचं, कोमट पाण्याने अंग पुसायचं, सुती झबलं, मग आईने पाजायचं. पाजून झाल्यावर ढेकर, आणि मग गाणं. क्रम रोज तोच. बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. महत्त्वाची जागा पुढे आहे : डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला अंथरुणावर ठेवायचं. छातीवर हात, हलकं थोपटणं, तेच गाणं. रडलं तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. पहिल्या रात्री दहा वेळा उचलावं लागेल. आठवड्याने थोपटणं कमी, मग नुसता हात, मग हातही नाही, नुसता आवाज.

आणि रात्री जाग आली तर लगेच झेप घ्यायची नाही. मिनिट-दोन मिनिटं कान देऊन ऐका. ती चळवळी झोप असेल तर बाळ आपणच निवळेल, आणि उचललंत तर तुम्हीच त्याला उठवलंत. भुकेचं रडणं वाढत जातं, ते आईला ओळखू येतं. तेव्हा पाजा, पण अंधारात, न बोलता, लंगोट ओलाचिंब नसेल तर न बदलता. सहा महिन्यांच्या आसपास एक-दोनदा पाजणं अगदी रास्त आहे. मोबाइलचा उजेड मात्र नको. दोन वाजता बाळाला पाजता पाजता जो मोबाइल उघडतो, त्याने आईची झोप मोडते ती बाळापेक्षा जास्त.

आपल्या खानदेशाच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धाब्याच्या घरात भिंती रात्री बारापर्यंत आग ओकतात. अशा रात्री बाळ झोपेच्या सवयीमुळे नाही, उकाड्याने उठतं. टोपडं, पायमोजे, दुपट्याची घट्ट गुंडाळी, सगळं काढा. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी. कूलरची हवा अंगावर थेट नको, पण खोलीत असू द्या. गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी हवीच. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. आईने मात्र तांब्या उशाशी ठेवावा.

झोपवायचं कसं, यात एका गोष्टीला तडजोड नाही. बाळाला उताणं झोपवा, वर्षाचं होईपर्यंत. उताणं झोपवल्याने दूध घशात अडकेल ही भीती निरोगी बाळाबाबत खरी नाही. पालथ्या झोपेचा आग्रह सुटल्यावर अनेक देशांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहूनही कमी झाली. गादी घट्ट हवी, बाळाभोवती उशा, गोधड्या, लोकरीची खेळणी नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात, तिचीही गरज नाही. सर्वांत चांगलं म्हणजे आईच्या अंथरुणाला लागून बाळाचं वेगळं छोटं अंथरूण. दारू प्यायलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाने बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नये, आणि बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर कुणीच घेऊ नये. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. शेतात तिला पर्याय नसेल तर कापड ताठ बांधा आणि नजर ठेवा. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक-धुरी नकोच, कोळशाचा विषारी वायू दिसतही नाही आणि वासही येत नाही.

बाळाला ताप असेल, वजन वाढत नसेल, झोपेत ते घोरत असेल, किंवा कशानेच शांत होत नसेल तर डॉक्टरांकडे या. उलटंही लक्षात ठेवा : एरवी रडणारं बाळ अचानक फार शांत झालं, पाजायला उठवूनही उठेना, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि आईकडे बघा. पारोळ्याच्या त्या आईला मी विचारलं, बाळ झोपलेलं असतं तेव्हा तरी झोप येते का? ती रडायला लागली. झोपायला वेळ मिळूनही झोप न येणं, सतत रडू येणं, बाळाकडे बघूही नयेसं वाटणं, ही बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असतात. तो आळस नसतो आणि नजर लागलेलीही नसते. त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तिला मी जळगावातच एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तो आला. शेती आणि रिक्षा दोन्ही बघणारा, बोलायला संकोची. पहाटे चारनंतरची जाग तुमची, असं त्याच्या गळ्यात घातलं. बाळाला पाजता येत नसलं तरी थोपटता येतंच की. आईला त्यामुळे सलग चार तास मिळाले. चार तास सलग झोपलेली बाई वेगळी दिसते, हे मी शपथेवर सांगेन.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. मुलगा रांगायला लागलेला, रात्री एकदा उठतो, पाजलं की झोपतो. तिचे उपचार चालू होते, चेहरा निवळला होता. मी सासूबाईंना म्हटलं, मग आता घरात सगळ्यांची झोप होते ना? त्या म्हणाल्या, "पोऱ्या जपस व माय, पन याना बाप घोरस." मी त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.